उपकरण यजमानाच्या ताब्यात आहे

मंगळवारी सकाळी मॅन्युअलराव चहाचा कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "मी लॅपटॉपच्या आत दुसरा लॅपटॉप बसवणार आहे."

"आधी पायजम्यात नाडी बसवा," बायको मान वर न करता म्हणाली. "महिना झाला, सेफ्टी पिन लावून फिरताय. कुठे गेली ती नाडी, देव जाणे."

मोठ्या माणसांच्या मोठ्या घोषणांचं घरात असंच स्वागत होत असतं. मॅन्युअलरावांनी कप खाली ठेवला, पिन चाचपून पाहिली आणि अपमान गिळला. गिळलेल्या अपमानांची त्यांच्याकडे मनातल्या मनात एक नोंदवही होती. ऑफिसात ते रेकॉर्ड विभाग सांभाळायचे, त्यामुळे ही वहीही अगदी तारीखवार होती.

मॅन्युअलराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. पण बिल्डिंगमध्ये त्यांना दुसऱ्या नावाने कोणी ओळखत नसे. नवा कुकर आला तर बाकीची माणसं त्यात काहीतरी शिजवतात. हे आधी माहितीपत्रक वाचत आणि मग, भूक असली तर, कुकर उघडत. त्यांच्या अठरा वर्षं जुन्या निळ्या गाडीचं मॅन्युअल तीनशे बारा पानांचं होतं आणि ते त्यांना पाठ होतं. गाडीला त्यांनी आजवर दुसऱ्या कोणाचा हात लागू दिला नव्हता. बायकोकडे वीस वर्षांपासून लायसन्स होतं. ते कपाटात, इस्त्रीच्या साड्यांखाली, काढलं तेव्हा होतं तसं कोरं करकरीत राहिलं होतं. "रस्ते सुधारू देत, मग चालव," असं मॅन्युअलराव म्हणत. रस्ते दोनदा सुधारून पुन्हा बिघडले होते.

तर या गाडीत, स्टिअरिंगच्या मागे, इंजिनाच्या आकाराचा एक पिवळा दिवा लागला होता आणि तो विझत नव्हता. गाडी उत्तम पळत होती. आवाज नाही, धूर नाही, थरथर नाही. नुसता दिवा. पण वाहन तपासणी कार्यालयाचा नियम असा की दिवा चालू असेल तर गाडी नापास, आणि तीनदा नापास झाली तर नंबरप्लेट काढून घेऊन गाडी थेट भंगारात.

दोनदा झालं होतं. पहिल्या वेळी दिवा चालू होता. दुसऱ्या वेळी मॅन्युअलराव गॅरेजवाल्याच्या सल्ल्याला बळी पडले. गॅरेजवाला म्हणाला होता, "साहेब, दिवा डोळ्यांत खुपतो ना? मग त्याच्यावर काळी पट्टी लावा. माझ्या स्वतःच्या गाडीत चार लावल्यात." तपासनिसाने ती पट्टी नखाने अलगद सोलली, बोटावर घेऊन उजेडात धरली आणि फॉर्मवर लिहिलं : 'दिवा – चालू. पट्टी – काळी.' ही नोंद मॅन्युअलरावांना रेकॉर्ड विभागाचा माणूस म्हणून फार लागली होती. आता तिसरी आणि शेवटची तारीख होती शुक्रवार, दुपारी बाराच्या आत. ती तारीख बायकोनेच फोन करून घेतली होती. "गाडी आमच्या यजमानांची आहे," ती फोनवर म्हणाली होती, "पण फोन करायला त्यांना लाज वाटते."

बिल्डिंगने मात्र सल्ल्यात हयगय केली नाही. सेक्रेटरी म्हणाले, बल्बच काढून टाका. तळमजल्यावरचे दंतवैद्य म्हणाले, जे दुखत नाही त्याला हात लावू नये, आणि हे बोलताना त्यांना स्वतःच्या धंद्याची आठवण झाली असावी, कारण ते लगेच आत गेले. एकूण सल्ले अकरा आले. ते देणाऱ्यांपैकी आठ जणांकडे गाडी नव्हती.

बारावा मार्ग मॅन्युअलरावांनी स्वतः शोधला. जुन्या सामानाच्या दुकानात त्यांना एक केबल मिळाली. तिचं एक टोक स्टिअरिंगखालच्या खोबणीत, दुसरं लॅपटॉपला. सोबत एक सीडी. सीडीतला प्रोग्राम गाडीशी बोलतो, नेमकं काय दुखतंय ते विचारतो आणि दुखणं बरं झालं की दिवा विझवतो. अडचण एकच : प्रोग्राम पंधरा वर्षांपूर्वीचा, आणि पंधरा वर्षांपूर्वीच्या संगणकावरच चालणारा.

"म्हणून लॅपटॉपच्या आत लॅपटॉप," त्यांनी बायकोला समजावलं. "बाहेरचा नवा, आतला जुना. आतला खरा नसतो. पण आपण खरे नाही, हे त्याला स्वतःला माहीत नसतं."

"म्हणजे तुमच्या साहेबांसारखा," बायको म्हणाली.

खरं तर साहेबांनी मोठेपणा दाखवला. मॅन्युअलरावांनी चार दिवसांच्या रजेच्या अर्जात कारण लिहिलं होतं, 'संगणकांतर्गत संगणकाची उभारणी.' साहेबांचा शेरा आला : 'कारण समजले नाही. मंजूर.'

कामाला सुरुवात झाली ती लेकीने पाठवलेल्या चंदेरी लॅपटॉपवर. लॅपटॉप इतका पातळ की मॅन्युअलरावांनी तो दोनदा वर्तमानपत्राबरोबर रद्दीत ठेवला होता. सीडी घालायची जागा शोधत त्यांनी तो चारही बाजूंनी फिरवला, उलटा केला, कानाजवळ नेऊन हलवला. जागाच नव्हती. मग त्यांनी आतल्या लॅपटॉपचा प्रोग्राम तेवढा इंटरनेटवरून उतरवून घेतला. त्यात भाषा निवडायची सोय होती. मॅन्युअलरावांनी अभिमानाने मराठी निवडली. दोन तासांनी पडद्यावर शुद्ध मराठीत उत्तर आलं : 'आपले यंत्र या कार्यास अपात्र आहे.'

"यंत्र म्हणतंय हं," बायको म्हणाली. "तुम्हाला नाही म्हणत."

या लॅपटॉपचा मेंदू वेगळ्याच घडणीचा होता आणि जुन्या संगणकाचं सोंग घेणं त्याला जमणारं नव्हतं. दुसऱ्या कोणाला यात पराभव दिसला असता. मॅन्युअलरावांचे मात्र कान लाल झाले होते आणि डोळे चमकत होते. नोकरीच्या तीस वर्षांत त्यांनी इतरांचे कागद शोधून दिले होते. आज पहिल्यांदा ते स्वतःचं काहीतरी शोधत होते. ते गुणगुणतसुद्धा होते. बायकोने गुणगुणणं ऐकून गॅस बारीक केला आणि येऊन त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

बुधवारी त्यांची नजर मेव्हण्याच्या लॅपटॉपवर गेली. मेव्हणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, चार दिवसांसाठी राहायला आला होता, त्याला आज बारावा दिवस होता. त्याचा लॅपटॉप कंपनीचा होता, मेंदू योग्य घडणीचा होता, पण आतला लॅपटॉप चालू करायची कळ कंपनीने कुलूपबंद केली होती.

"दाजी, त्यात काय? अर्ज टाकू," मेव्हणा म्हणाला. "आमचा संगणक विभाग एक नंबर आहे. तासाभरात उत्तर."

अर्जात रकाना होता : 'व्यावसायिक कारण.' मेव्हण्याने लिहिलं, 'बहिणीच्या यजमानांची गाडी.' उत्तर खरोखरच तासाभरात आलं. आपला अर्ज वाहन विभागाकडे वर्ग करण्यात आला आहे. वाहन विभागाने दुपारी कळवलं की सदर निळी गाडी कंपनीच्या यादीत आढळत नाही, तरी ती हरवली असल्यास पोलिसांत दिलेल्या तक्रारीची प्रत जोडावी. संध्याकाळी सुरक्षा विभागाचा फोन आला आणि मेव्हणा गॅलरीत जाऊन बराच वेळ "नाही साहेब, चोरीची नाही साहेब" असं म्हणत राहिला.

"वा!" मॅन्युअलराव आतून म्हणाले. कार्यालयीन पत्रव्यवहाराची इतकी सुरेख चढती कमान त्यांनी बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती.

गुरुवारी सकाळी जिन्यात वरच्या मजल्यावरच्या ऑपरेटरबाई भेटल्या. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये पस्तीस वर्षं नोकरी करून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि अजूनही प्रत्येक वाक्यानंतर क्षणभर थांबत, जणू पलीकडून 'जोडून द्या' असं कोणी म्हणणार आहे. सगळी हकीकत त्यांनी उभ्या उभ्या ऐकली.

"माझ्याकडे आहे एक," त्या म्हणाल्या. "निरोपसमारंभात दिलेला. उघडला नाही कधी."

तो लॅपटॉप विणलेल्या आवरणात, शोकेसमध्ये, फुलदाणीखाली होता. जाड, काळा, वजनाने पाट्यासारखा, आणि बाजूला सीडीची फट! मॅन्युअलरावांना त्या फटीवरून बोट फिरवल्याशिवाय राहवेना.

"एक अट," बाई म्हणाल्या. "कीबोर्डवरचं प्लास्टिक काढायचं नाही."

"बाई, मी टीव्हीच्या रिमोटवरचंसुद्धा अजून काढलेलं नाही."

दोन सज्जनांमध्ये याहून जास्त बोलणं लागत नाही.

दुपारी एक वाजता त्या काळ्या पाट्याच्या आत एक लहानशी खिडकी उघडली आणि त्या खिडकीत पंधरा वर्षांपूर्वीचा संगणक डोळे चोळत जागा झाला. पडद्यावर तेच जुनं हिरवं मैदान, सुरू होतानाचा तोच जुना सूर. मॅन्युअलराव खुर्चीवरून उठले आणि त्यांनी बायकोचा ओला हात हातात घेऊन हलवला. "अगं, चालला! त्याला वाटतंय तो खराच आहे!"

"वाटू द्या," बायको म्हणाली. पण हसली. आणि हात पुसायचा विसरून तिथेच उभी राहिली.

आता हे सगळं खाली गाडीपाशी न्यायचं होतं. लॅपटॉपची बॅटरी कधी चार्जच केलेली नसल्यामुळे त्याला सतत वीज लागणार होती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर खाली सोडली. वायर दंतवैद्यांच्या पाटीवरून, सेक्रेटरींच्या वाळत घातलेल्या सदऱ्याच्या बाहीतून गाडीपर्यंत आली. बाहीतून का, हे कोणालाच सांगता आलं नाही. सीडीतला प्रोग्राम आतल्या संगणकात उतरायला लागला. वीस टक्के, चाळीस, साठ. खाली सात माणसं जमली. बहात्तर टक्क्यांवर पडदा काळा झाला.

वर मेव्हण्याने इस्त्री लावली होती. घरातला फ्यूज उडाला होता.

"दाजी, मला काय माहीत?" तो खिडकीतून ओरडला. "उद्या तुमच्याबरोबर यायचं तर शर्ट नको का नीट?"

नोंदवहीत त्या दिवशी मॅन्युअलरावांनी मेव्हण्यासाठी नवं पान उघडलं. फ्यूजची तार घालणारा संध्याकाळी आला. तेवढ्यात जाता-जाता भंगारवाला निळ्या गाडीभोवती एक चक्कर मारून गेला, टायरला हलकीशी लाथ मारून. बायकोने ती लाथ खिडकीतून पाहिली. रात्रीच्या जेवणात ती नेहमीपेक्षा कमी बोलली आणि झोपण्यापूर्वी स्वतःहून लॅपटॉप चार्जिंगला लावून आली.

शुक्रवार. सकाळी दहा. प्रोग्राम उतरला, केबल जोडली, मॅन्युअलराव ड्रायव्हरच्या जागेवर, मांडीवर लॅपटॉप. मेव्हणा इस्त्रीच्या शर्टात खिडकीशी वाकलेला, बायको दुसऱ्या खिडकीशी. वरून वायर आजही सोडलेली होती, पण ती काढली तरी बॅटरी आता चाळीस मिनिटं दम धरणार होती. त्यांनी 'गाडीशी संपर्क साधा' दाबलं, आणि पडद्यावर मराठीत चौकट आली :

'उपकरण यजमानाच्या ताब्यात आहे. यजमानाने सोडल्याशिवाय पाहुण्यास मिळणार नाही.'

तिघांनी ते वाचलं.

"बघा," बायको म्हणाली, "आता मशीनसुद्धा बोलायला लागली."

"यजमान म्हणजे मी नव्हे," मॅन्युअलराव म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

"दाजी, यजमान तुम्ही, पाहुणा मी," मेव्हणा म्हणाला. "स्पष्ट लिहिलंय. तुम्ही उठा, मी बसतो."

बुद्धिमान माणसं घाबरली की कशी वागतात याची नोंद कुठेतरी व्हायला हवी. मॅन्युअलराव खरोखर उठले. मेव्हणा बसला. त्यांनी त्याच्या मांडीवर लॅपटॉप ठेवला आणि 'गाडीशी संपर्क साधा' पुन्हा दाबलं. तीच चौकट आली. मग मेव्हण्याच्या सांगण्यावरून मॅन्युअलराव गाडीपासून दहा पावलं दूर जाऊन उभे राहिले, न जाणो ताबा अजून सुटला नसेल तर. पुन्हा तीच चौकट.

"मी आणखी लांब जाऊ का?" त्यांनी विचारलं.

वरच्या खिडकीतून ऑपरेटरबाई हे सगळं पाहत होत्या. "अहो, काय चाललंय?"

मॅन्युअलरावांनी तिथूनच चौकट पाठ म्हणून दाखवली. बाई क्षणभर थांबल्या.

"साधी गोष्ट आहे. एक दोर, दोन घरं. एका वेळी एकालाच मिळतो. बाहेरचा लॅपटॉप यजमान, आतला पाहुणा. बाहेरच्याने केबल धरून ठेवलीय. आधी त्याच्याकडून काढा, मग आतल्याला जोडून द्या. यादीत केबलचं नाव असेल, त्यावर खूण करा. पस्तीस वर्षं आम्ही दुसरं केलं काय?"

यादी होती. नाव होतं. खूण केली. आतल्या संगणकाने केबल मिळाल्याचा टिंग असा आनंद व्यक्त केला आणि पुढच्याच क्षणी निळी गाडी अठरा वर्षांत पहिल्यांदा बोलली :

'इंधनटाकी. बाष्पाची अतिसूक्ष्म गळती. टाकीचे झाकण तपासा.'

"झाकण?" मॅन्युअलराव म्हणाले. "झाकण अशक्य. पान एकशे चाळीसप्रमाणे मी ते स्वतः लावतो. पंपावरच्या माणसाला हात लावू देत नाही. शिवाय आधीचं झाकण पंपावर हरवलं, तेव्हापासून हे मी बांधून..."

ते थांबले.

बायको तोवर गाडीच्या मागे पोचली होती. तिने झाकण फिरवून काढलं. झाकणाला एक नाडी बांधलेली होती. नाडीचं दुसरं टोक आतल्या बिजागरीला. आणि मधला भाग झाकणाच्या रबरी कडेखाली दबून, चपटा होऊन, पेट्रोलच्या वासासकट बाहेर डोकावत होता.

"सापडली!" बायको ओरडली. तिने ती सोडवून, आजही जमलेल्या सात माणसांसमोर उंच धरली. "महिनाभर घर पालथं घातलं मी! पायजम्याची नाडी गाडीला!"

तो क्षण नोंदवहीत गेला नाही. काही अपमान इतके मोठे असतात की वही पुरत नाही. पण मॅन्युअलरावांना लाज वाटायला वेळच नव्हता. झाकण घट्ट बसलं, टिक टिक टिक असे तीन आवाज आले, आणि ते लॅपटॉपवर ओरडले, "आता दिवा विझवा म्हणावं! विझव!"

आतल्या संगणकाने अट घातली : 'इंजिन चालू ठेवा. वेग ताशी वीस ते चाळीस ठेवा. उपकरण काढू नका. पंधरा किलोमीटर होईपर्यंत निरीक्षण चालू राहील.'

घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं. तपासणी कार्यालय सोळा किलोमीटर. लॅपटॉपखाली मांडी हवी, पडद्यावर नजर हवी. स्टिअरिंगवर दुसरं कोणीतरी हवं. मेव्हणा लगबगीने पुढे सरसावला. याच मेव्हण्याने मागच्या वर्षी स्वतःची गाडी स्वतःच्याच फाटकात उलटी घातली होती.

मॅन्युअलरावांनी मेव्हण्याकडे पाहिलं. मग बायकोकडे पाहिलं. ती नाडीची घडी घालत होती, पण तिचे डोळे किल्लीवर होते. अठरा वर्षं ते तिथेच होते, फक्त मॅन्युअलरावांनी आज पाहिलं.

"लायसन्स...?" ते म्हणाले.

"पर्समध्ये आहे," ती म्हणाली. "काल रात्रीच काढून ठेवलं."

त्यांनी किल्ली दिली. सोडताना बोटं जरा अडखळली. तिने ती ओढून घेतली.

मग काय सांगावं! वायर सोडवून गाडी फाटकातून निघाली तेव्हा सेक्रेटरींनी टाळ्या वाजवल्या. ती चाळीसच्या वर गेली नाही आणि वीसच्या खाली आली नाही. वळणावर दिवा दिला, वळली, दिवा बंद केला. मॅन्युअलराव शेजारी बसून नसलेला ब्रेक दाबत होते आणि मांडीवरच्या पडद्याकडे, रस्त्याकडे आणि बायकोकडे अशी आलटून पालटून मान फिरवत होते. "दुसरा गिअर... बरोबर... अगं, बरोबर! तेरा किलोमीटर झाले! बॅटरी अकरा टक्के!" मागच्या सीटवर मेव्हणा चुरगळत चालला होता.

"अहो, तुम्ही बोलू नका," बायको म्हणाली. "मला मजा येतेय."

पंधराव्या किलोमीटरला पिवळा दिवा एकदा लुकलुकला. आणि तो विझला. त्याच्यामागोमाग लॅपटॉपही विझला. आतला, बाहेरचा, दोन्ही.

बाराला आठ मिनिटं असताना त्याच तपासनिसाने खिडकीतून डोकं आत घातलं. कानामागची पेन्सिल काढली. दिव्याच्या जागेवर आधी नखाने खरवडून पाहिलं. काही सुटलं नाही. त्याने लिहिलं : 'दिवा – बंद. पट्टी – नाही.' मग जरा विचार करून खाली : 'उत्तीर्ण.'

"गाडी कोणाची?" त्याने फॉर्म पुढे करत विचारलं.

"यजमानांची," बायको म्हणाली.

"मग यजमान कुठे आहेत?"

"हे काय, शेजारी बसलेत." तिने गिअर टाकला. "आज ते पाहुणे आहेत."

परतीच्या वाटेवर मॅन्युअलरावांनी पुढचा कप्पा उघडला, तीनशे बारा पानांचं मॅन्युअल काढलं आणि 'शेजारी बसणाऱ्यासाठी सूचना' हे पान शोधलं. त्यांच्या पाठांतरात तेवढं एकच पान नव्हतं. त्यावर एकच ओळ होती : पट्टा बांधावा.

त्यांनी पट्टा बांधला.